कोरा गडवा

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नव्हते, आजही मानत नाही. बुद्धविहारात जाणारं घर आमचं. कोणी रस्त्यावर उतारा टाकला की त्यातला नारळ बाबा उचलून आणायचे आणि आई त्याची चटणी करायची! तरी हे लिहितेय. हसायचं असेल तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मी भंडारा जिल्ह्यातली. शाळा आठवीतच सुटली. रायपूरला शंकर नगरमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात आधी चहा-झाडझुडीला लागले. मालकीण वर्षा दीदी मूळची नागपूरकडची, मराठी समजते पण बोलते हिंदीच. तिनं मला कम्प्युटर शिकवला, दाखला कधी मागितला नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही. आणि हे काम हातचं जाईल ही धाकधूकही रोजचीच — माझ्यासारखीला दुसरं कोण खुर्ची देणार?

माझं काम म्हणजे चॅटबॉटला सांगून सॉफ्टवेअरच्या जाहिराती लिहून घ्यायच्या. त्या दिवशी गोल बाजारातल्या भांडेवाल्यांसाठी पत्रक हवं होतं. दुकानात भांड्यावर नाव टाकून देतात ना, ते कधीकधी राहूनच जातं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव भरल्याशिवाय बिलच निघत नाही, हीच खासियत सांगायची होती. भर दुपार, ऑफिसात सगळे हजर. मी हिंदीत सांगितलं, त्यानं हिंदीत छान लिहिलं. आणि मधेच एक ओळ —

"एक गडवा कोरा राहू द्या जी. तो पोरीचा."

हे तर बाबांचं बोलणं!

बाबा आमच्या गावच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकायचे. लग्नाची भांडी आली की देणाऱ्यांची नावं कोरायचे, आणि शेवटचा गडवा, म्हणजे तांब्या, बाजूला सरकवून अगदी हेच म्हणायचे. बाकीची भांडी मामाची, काकाची... एक तरी नवरीचं स्वतःचं असावं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. इंटरनेटवर त्यांचं काही नाही, साधा फोटोसुद्धा नाही. आणि रायपुरात ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती.

ही ओळ कुठून आली, मी चॅटबॉटला विचारलं. उत्तर आलं — "माफ़ कीजिए, यह पंक्ति विषय से मेल नहीं खाती. हटा देता हूँ."

मी टाइप केलं, "नको काढू."

आमचे प्रोग्रामर रितेश भैया हसले. "तूने ही टाइप किया होगा, नींद में!" मग त्यांनीच वरपर्यंत सगळं चॅट तपासलं. त्या ओळीच्या आधी मी मराठीत एक शब्दही लिहिला नव्हता. त्यांचं हसणं थांबलं.

दीदीनं पत्रक वाचलं. "ये क्या है? हम बोल रहे हैं नाम के बिना बिल नहीं, और तू बोल रही है कोरा छोड़ो? कल दुकानदारों को दिखाना है. हटा इसे."

"नाही काढणार, दीदी."

"आठवीं पास पोट्टी, मुझे सिखाएगी? लाइन हटेगी या तू?"

परत गावी गेलेली मीच मला दिसले... तरी तोंडातून निघालं, "मग मले काढा. माह्या बापाचं बोलणं नाही काढणार मी!" आणि बाबांची सगळी गोष्ट सांगून टाकली.

दीदीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पहिल्यांदाच मराठीत बोलली, "माह्या लग्नात एकबी भांडं कोरं नव्हतं."

आणि रितेश भैयांकडे वळून — "बिना नाम का ऑप्शन डालो. आज ही."

त्यानंतर तेच शब्द टाकून मी खूपदा पाहिलं. ती ओळ पुन्हा आली नाही. रितेश भैया म्हणतात, मशीननं कुठंतरी वाचलं असेल. मग दाखवा ना कुठं! योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. मी त्याला बाबा म्हणत नाही, भूतही म्हणत नाही. काय होतं, मला आजही माहीत नाही.

बाबांनी माझ्यासाठी ठेवलेला गडवा मी रायपूरला निघाले तेव्हा आईनं पिशवीत घातला होता. आता तो माझ्या टेबलावर असतो. ऑफिसात येणारा-जाणारा उचलून फिरवून नाव शोधतो, मिळत नाही, मग विचारतो, "किसका है?"

"मेरा," म्हणते मी.