शिजून राह्यलं

देव घाई वाटत होता तेव्हा माझे अकोटचे मावसाजी वावरात असणार; त्यांच्या वाट्याला ती आलीच नाही. अकोल्याला जायचं म्हणजे सर्व्हिस मोटार भोंगा वाजवून दमायची, आणि हे उपरण्याची घडी मोडून पुन्हा घालायचे. ड्रायव्हर कुरकुरला तर त्यालाच म्हणत, "अकोला काय पळून जाते काय?" पण या संथपणाचं खरं वैभव पाहायचं, तर रानडुकराच्या बरगड्या भाजताना पाहावं.

ज्वारीत दाणा भरला की सातपुड्यातून डुकरं पिकात उतरत. गावात एखादं मारलं गेलं की बरगड्या न सांगता मावसाजींकडे येत. मावशी मांसाला उंबरा ओलांडू देत नसे, म्हणून सगळा कारभार वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर चाले. बरगड्यांच्या मागचा चिवट पापुद्रा ते नखाने सोलून काढत. त्यात कोणाची मदत त्यांना खपत नसे. मग मीठ, तिखट, लसूण आणि चिंचेचा कोळ चोळायचा. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ त्यांच्या लेखी फक्त सुरुवातीपुरता; खरं काम बाभळीच्या निखाऱ्यांचं. चरात निखारे, वर जाळी, जाळीवर पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या बरगड्या, आणि त्यावर उपडं घमेलं. सकाळी झाकलेलं ते घमेलं उन्हं कलल्याशिवाय उचलायचं नाही. त्यातही एक कायदा होता: कोणी "झालं का?" विचारलं की अर्धा तास वाढायचा. "इचारलं का मास आखडते," असं ते शपथेवर सांगत. एकदा मी भुकेपोटी चारदा विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, आमची ताई, हिला अमरावतीचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. होकार तेवढा त्याच्या वडिलांचा यायचा होता. हे गृहस्थ मूळचे पुण्याकडचे, अमरावतीला कापसाच्या एका जिनात मॅनेजर, घड्याळ सदा हातात. शिकारीच्या मटणाचे शौकीन म्हणून मावसाजींनी त्यांना वावरात जेवायला बोलावलं. मावशीने बजावलं, "अवो, आज तरी अर्धा तास वाढवू नका. पोरीचं भलं होऊ द्या."

मावसाजींनी मावशीचा शब्द पाळला. पाहुण्यांनी तीनदा विचारलं, तरी यांनी एवढंच म्हटलं, "शिजून राह्यलं."

आमच्याकडे याचा अर्थ, अजून शिजतंय. पुण्याच्या कानाला तो लागला, शिजून तसंच पडलंय. "मग आधी सांगायचं नाही का?" म्हणत पाहुण्यांनी उपरण्याने धरून घमेलं उचललं.

वाफेबरोबर आमचाही श्वास गेला. मावसाजींच्या हयातीत हे पाप कोणी केलं नव्हतं. ताई बाभळीआड पांढरी पडून उभी होती. मावसाजींनी तिच्याकडे पाहिलं, पाहुण्यांच्या हातातलं घमेलं अलगद घेतलं आणि पुन्हा झाकलं. मग शेजारी घोंगडी अंथरून म्हणाले, "बसा. आता दोघं मिळून राखू."

पाहुणे ओशाळून बसले. राह्यलं या शब्दाचा घोळ उलगडला तेव्हा पोट धरून हसले. त्यांची परतीची मोटार निघून गेली, घड्याळ खिशात गेलं. संध्याकाळी हाडापासून मांस आपसूक सुटलं, तेव्हा दुसरी बरगडी उचलत ते म्हणाले, "मुलगी आमची झाली." मावसाजींना ठसका लागला. तिखटाने लागला, असं ते पुढे सांगत.

ताई सासरी गेली. संक्रांतीला ती माहेरी येई, आणि परत जायच्या दिवशीच मावसाजींना बरगड्या भाजायचं सुचे. ट्रंक बैलबंडीत ठेवलेली, पाचची मोटार गाठायची, आणि ताई नेसून-सवरून धुऱ्यावर येऊन त्यांना खेटून बसे. लहानपणापासून कायदा तोंडपाठ असलेली ती मुलगी अगदी भोळेपणाने विचारी, "बाबा, झालं का?"

निखाऱ्यांवरची नजर न काढता मावसाजी म्हणत, "वाढला अर्धा तास."

मावसाजी काडीने निखारे सारखे करत. मग ती पुन्हा विचारी.