साडूंचा गुडघा

सिग्नलचा लाल दिवा दिसला की मी अजून शरमतो, कारण स्नायूंना तरतरी आणणाऱ्या लाल दिव्यासमोर मी आठवडाभर चक्क फुलपँट घालून बसलो होतो. दिवा घेतला तो सूडासाठी. पेरुंगुडीच्या आमच्या सोसायटीत, बॅडमिंटन कोर्टावर, शेजारच्याच इमारतीतले माझे साडू सगळ्यांदेखत म्हणाले होते, "साडूभाऊ, तुम्ही आपला स्कोअर सांगा, खेळायचं आम्ही बघतो." प्रकाश उघड्या कातडीवर पडावा लागतो हे कळल्यावर मी वेष्टी, म्हणजे इकडची तमिळ लुंगी, मांडीपर्यंत खोचून, घामाच्या आणि बामच्या वासात, रोज पहाटे त्यांच्या पराभवाची चित्रं रंगवत बसलो. रविवारी कोर्टावर साडूच हरणासारखे पळाले आणि त्यांनी मला धुऊन काढलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दिवा गुणाचा आहे हो. भाऊजींचा गुडघा दुखत होता ना, म्हणून तुम्ही ऑफिसला गेलात की मी तो त्यांच्याकडे पाठवत होते."