पहिली ट्रॉली

उन्हाळ्यात तळं आटलं की आमच्या भागात त्याचा गाळ काढून रानात पसरतात. त्या गाळावर तूर अशी येते की बघत राहावं. पण गाळ नेण्याचा क्रम ठरलेला असतो आणि तो कुणी ठरवला हे विचारायची पद्धत नाही. आधी तळ्याशेजारचे मोठे शेतकरी, मग बाकीचं गाव आणि सगळ्यात शेवटी आम्ही बौद्ध. आमची पाळी येईपर्यंत तळ्यात गोटे आणि शिंपले उरलेले असायचे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र त्या मोठ्या शेतकऱ्यांतले अण्णा स्वतः आमच्या दारात आले. त्यांचं रान तळ्याला लागूनच आहे. ओट्यावर बसले, आमच्या घरचा चहा घेतला आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "यंदा पयली ट्रॉली तुमच्या रानात जाऊ द्या."

मी कलबुर्गीला नोकरी करते. लोक लग्नाला रजा काढतात, मी चिखलासाठी काढली. अप्पांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला. ट्रॅक्टरपुढे अण्णांनी नारळ फोडला, एरवी अशा गोष्टींवर भाषण देणारे अप्पा त्या दिवशी गप्प राहिले. ट्रॉलीवर बसलेल्या अप्पांचा मी फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, 'पहिला मान'. ते दोन शब्द आठवले की अजून तोंड लपवावंसं वाटतं.

पावसाळ्यात तूर वीतभर वाढली, पिवळी पडली आणि तिथंच बसली. मी पावसाला बोल लावला, बियाणं विकणाऱ्याशी भांडून आले. शेवटी माती तपासायला प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. तळ्याच्या वरच्या अंगाला औषधांचा कारखाना आहे, त्याचं रसायन नाल्यातून तळ्यात उतरतं. पाणी आटून जातं, विष मात्र गाळात बसून राहतं. आणि तो गाळ आम्ही नांगरून मातीत मिसळला होता.

"आता वेगळा काढता येणार नाही," त्या म्हणाल्या.

परतताना भालकीच्या बसमध्ये अण्णांची सून शेजारी बसली. शाळेत माझ्या मागच्या वर्गात होती, अजून मला अक्का म्हणते. मी म्हणाले, "गाळ वाईट निघाला गं. तुमचीबी तूर गेली असेल."

"आमच्या मामांनी पाटीभरबी घेतला न्हाई, अक्का."

"कामून?"

"वास यायलाय की त्याला, मागल्या सालापासून."

हे ती अगदी सहज बोलून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.

अण्णांचा संताप आलाच. पण त्याहून जास्त मला माझी लाज वाटली. एका कप चहानं आणि एका बोलावण्यानं मी किती फुलून गेले होते! इतकी शिकले, चार लोकांत ताठ मानेनं बोलते, आणि गावानं टाकलेला उकिरडा मान म्हणून मिरवला.

घरी आले तेव्हा अप्पा त्याच फोटोखाली बसले होते, फ्रेम करून त्यांनीच तो भिंतीवर लावला होता. मी सगळं सांगितलं.

"वास मलाबी आला व्हता," ते म्हणाले.

"मग घेतला कामून, अप्पा?"

"आजवर कुणी पयलं बोलावलं न्हवतं, बाई. न्हाई म्हणायला जीभच रेटली न्हाई."