कोणाचंच नसलेलं बेट

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, ज्यांच्याबरोबर सभा गाजवल्या त्या मित्रांना तर नाहीच. माझ्या पत्रकांत मी किती जणांना विश्वासघातकी म्हटलं. तो शब्द मला इतका जवळचा का वाटायचा, ते आज तुम्हाला सांगतो.

मी तापीकाठच्या प्रकाशा गावचा. पत्रकं वाचून वाढलो, मग स्वतःच लिहू लागलो. विशीत सातपुड्यात, नर्मदेकाठच्या एका पाड्यावर राहायला गेलो — लोकांना जागं करायला. पाड्याचे म्हातारे कारभारी वेस्ताबाबा. त्यांनी मला भाकर दिली, निजायला जागा दिली.

अलीकडच्या काठावर इंग्रज सरकार, पलीकडे संस्थान, आणि मधे पाण्यात एक बेट. नुसती वाळू — करंज आणि वाळुंजाच्या मुळांनी धरून ठेवलेली. कासवं तिथं अंडी घालत, बगळे घरटी करत, मुळांच्या आडोशाला मासळी वाढे आणि त्या मासळीवर दोन्ही काठ जगत. तिथं कुऱ्हाड कोणी नेत नसे.

मग लाकडाच्या ठेकेदारांची नजर पडली. वेस्ताबाबा होडीनं पलीकडे गेले, थावऱ्याबाबांकडे. दोघे व्याही, वेस्ताबाबांची लेक त्यांची सून. बरीच ये-जा झाली आणि ठरलं ते एवढंच — दोन्ही दरबारांत सारखाच अर्ज द्यायचा, झाडं पूर्वीसारखी राहू द्या म्हणायचं. पण बेट कोणाचं, हे कधी विचारायचं नाही. वेस्ताबाबा बाजारात शिकलेल्या अहिराणीत मला म्हणाले, "भाऊ, मालक ठरना म्हनजे कुऱ्हाड वनी." मालक ठरला की कुऱ्हाड आलीच.

हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. अर्ज मी लिहिला. दोघांनी शेजारी शेजारी अंगठे उठवले. एक प्रत पाड्यावर ठेवली. वाचून दाखवल्यावर बाबा हसले — "तुन्हा कागद तुन्हा जोडासारखा शे. सपाटवर चालस, डोंगरवर घसरस."

पण कागद चालला. इकडचा जंगल अधिकारी आणि तिकडचा संस्थानी अंमलदार, दोघेही तोंडी 'बरं' म्हणाले.

मला मात्र ते पचेना. मेहेरबान, कृपावंत — असले शब्द माझ्या हातानं? हक्काचं बेट भीक म्हणून मागायचं? मी धुळ्याला जाऊन एक पत्रक छापून आणलं. बेट आमचं आहे, ते कोणाचं हे विचारू नये असं म्हाताऱ्यांनी भीतीपोटी ठरवलंय, आम्ही विचारणार — असं लिहिलं. खाली नाव घातलं नाही. धीट पत्रक आणि निनावी — तेव्हा मला यात काही विसंगत दिसलं नाही.

दोन्ही दरबारांनी ते वाचलं. मोजणीच्या साखळ्या आल्या. बेटाच्या मधोमध रेघ पडली, आणि आधी कोण तोडतो याची दोन ठेकेदारांत चढाओढ लागली. पुढच्या पुरानं उरलेली वाळू नेली.

थांबा — एवढंच असतं तर त्याला चूक म्हणता आलं असतं. वयाची, उतावळेपणाची.

कोणीतरी बाजारातून ते पत्रक पाड्यावर आणलं. वेस्ताबाबांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. मी माझी वाक्यं मोठ्यानं वाचली, आवाज हलू न देता. आम्हा तिघांतलं बोलणं छापलेलं ऐकून बाबांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं. मग विचारलं, "भाऊ, तुले काही माहीत शे का?"

मी म्हणालो, "नही बाबा."

मग उरलं कोण? एकटे थावऱ्याबाबा. बाबांनी पेटीतून ती प्रत काढली आणि आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यापासून वेगळा करायला मला सांगितलं. अक्षराच्या माणसानंच ते करावं, असं त्यांना वाटलं असेल. मी कागद नीट दुमडला, घडीवर नख फिरवलं आणि फाडला. मधोमध, सरळ.

त्या होळीला लेक माहेरी आली नाही. नंतरच्याही नाही. तिकडून निरोप येत राहिले — थावऱ्याबाबा शपथ घ्यायला तयार होते. बाबांनी होडी परत पाठवली. काही वेळा ते सांगायला मीच काठावर गेलो.

गेल्या वर्षी वेस्ताबाबा वारले. मातीला पलीकडचं कोणी नव्हतं. इथली माणसं म्हणाली, बाबांना शेवटपर्यंत धरून राहिला तो हा भाऊच, आणि त्यांनी मला पुढे, लेकीच्या जागी बसवलं.

मी बसलो.