आईला ऐकू येणारा आवाज

"बोल. पण यातलं खरं किती, ते आधी सांग."

माझ्या कुठल्याही गोष्टीची सुरुवात माझी शेजारीण अशी करून द्यायची. तळवा गळ्याखाली टेकवलेला, एक भुवई वर. मी म्हणायचो, "निम्मं." ती म्हणायची, "म्हणजे पाव." तेव्हा मंडळी, पुढचं वाचताना काय गाळायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर तिची नि माझी खोली एकाच भिंतीला चिकटून. सकाळी तिनं गळा मोकळा करायला नुसतं 'हं' म्हटलं, की तळमजल्यावरच्या वाण्याच्या बरणीत शेंगदाण्यांची सालं सुटायची. बाईच्या गळ्यातून निघू शकतो तो सगळ्यात खालचा आवाज होता तो. युरोपात त्याला कॉन्ट्राल्टो म्हणतात. आपल्याकडे बँकवाले त्याला 'सर' म्हणतात. "सर, पर्सनल लोन हवंय का?" "सर घरी नाहीत," ती त्याच आवाजात सांगायची. पलीकडचा इसम गोंधळून माफी मागायचा.

शाळेत प्रार्थनेला तिला मुलांच्या रांगेत उभं करायचे. धोबीतलावच्या एका पियानोवाल्या मिसनी कुठल्याशा स्पर्धेत हा आवाज ऐकला आणि पोरीला जवळजवळ पळवूनच नेलं. तिथून शिष्यवृत्ती, तिथून जर्मनी. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात राबलेल्या मालवणी बाईची मुलगी ऑपेरात गाते! मी चाळभर सांगून टाकलं, की तिकडचे राजे तिला न्यायला पालखी पाठवतात आणि पालखीला पुढे मागे बँड असतो.

सुट्टीवर आली की ती माझी पालखी जमिनीवर आणायची. "अरे थापाड्या, ऑपेरात राजकन्या असते ती उंच आवाजाची. प्रेम तिला, मरण तिला, फुलं पण तिलाच. खालच्या आवाजाची बाई म्हणजे चेटकीण, दाई, नाहीतर कुणाची तरी सासू. फारच झालं तर मिशी लावून पुरुष."

"म्हणजे आपल्या जुन्या संगीत नाटकाच्या उलटं!"

"अगदी. पंचविशीपासून मी म्हातारीच आहे. आता कुठे वय जुळायला लागलंय."

आई न्हाणीत पडली म्हणून ती महिन्याभरासाठी आली आणि राहूनच गेली. शिवाजी पार्कला दोनचार घरांत गाणं शिकवायची, बाकी वेळ आईपाशी. एकुलती एक मुलगी, वडील कधीच गेलेले.

म्हातारीचे कान निम्मे खात्यातल्या यंत्रांनी खाल्ले होते, उरलेले वयानं. कानाचं मशीन आणलं, तर "ह्येच्यात गिरणीचो भोंगो वाजता," म्हणून तिनं ते डब्यात घालून ठेवलं. टीव्ही ऐकू येईना, कुकरची शिट्टी येईना. माझं ओरडणं कॉटन ग्रीनच्या गोदामांवरून आपटून परत येतं, पण शेजारी बसलेल्या म्हातारीला ते ऐकू जात नाही. ऐकू यायची फक्त मुलगी. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वरचे सूर आधी जातात, खालचे मागे राहतात. मुलगी कानाशी बसून गायची, जर्मन का इटालियन देव जाणे. आवाज गळ्यातून नाही, फरशीतून येतोय असं वाटायचं. म्हातारी डोळे मिटून म्हणायची, "काय म्हणतंस ता कळना नाय, पण आयकाक येता मगे." जगातला तेवढा एकच आवाज तिला उरला होता.

गेल्या वर्षी जर्मनीहून बोलावणं आलं. अख्खा ऑपेरा जिच्याभोवती फिरतो अशा म्हाताऱ्या राणीची भूमिका, पूर्ण हंगामभर. खालच्या आवाजाच्या गायिकेला असलं काही मिळालं तर आयुष्यात एकदा मिळतं. ती नाही म्हणून कळवायला निघाली होती.

आम्ही गॅलरीत उभे होतो. ती म्हणाली, "जेवणाखाण्याला बाई मिळेल रे. पण मी गेल्यावर ही ऐकेल काय?"

"फोन आहे ना! दर रविवारी व्हिडिओवर गा. फोन मी धरतो. फोनवर तुझा आवाज तिला मस्त ऐकू येतो, मी पाहिलंय."

तिची भुवई वर गेली. "यातलं खरं किती?"

"सगळं," मी म्हणालो.

मी काहीएक पाहिलं नव्हतं. पण आयुष्यभर माझी प्रत्येक गोष्ट चाळणीतून काढणारी ती बाई त्या एका शब्दावर गेली.

पहिल्याच रविवारी माझी थाप माझ्याच अंगावर आली. फोनच्या त्या टिचभर भोकातून खालचे सूर बाहेर येतच नाहीत. जे येतं ते डासासारखं, आणि ते म्हातारीच्या कानांच्या हद्दीबाहेरचं. पुढच्या खेपेला मी मंडळाचा विसर्जनाचा स्पीकर खांद्यावर घालून वर आणला. चाळीतल्या भांड्यांनी मांडण्या सोडल्या, समोरच्या इमारतीतल्या कुत्र्यानं राजीनामा दिला. म्हातारी म्हणाली, "खाली ट्रक इलो काय?"

मग तिनं माझं मनगट धरलं. डोळे पडद्यावर ठेवून हळूच म्हणाली, "तिका सांगू नको हां. सगळा टाकून परत येतली ती."

तेव्हापासून आमचं दोघांचं नाटक चालू आहे. पडद्यावर ओठ हलले की म्हातारी मान डोलावते. ओठ थांबले की म्हणते, "बरा म्हटलंस." तिकडून प्रश्न येतो, "आई, ऐकू आलं ना?" तो प्रश्नही म्हातारीला ऐकू येत नाही. ती माझ्याकडे बघते, मी मान हलवतो, मग ती हलवते. तिकडे मुलगी डोळे पुसते. मी मध्ये फोन धरून उभा, लग्नात अंतरपाट धरलेल्या माणसासारखा. सोमवार ते शनिवार म्हातारी कुणाचा शब्दही न ऐकता खिडकीशी बसून असते. पूर्वी मी येताजाता तिथे थांबायचो. हल्ली तिच्या दारावरून जाताना मी चप्पल हातात घेतो. तिला ती तरी कुठे ऐकू येते म्हणा.

तिकडे राणी गाजली. हे खरंच. माझी भर नाही त्यात. त्यांनी तिला पुढच्या हंगामालाही थांबवून घेतलं. मला म्हणाली, "आईला ऐकू येतंय म्हणून हो म्हणाले रे. नाहीतर मी कालच्या विमानात असते." मी विषय बदलून चाळीत आलेल्या मगरीची गोष्ट सांगितली. ती हसली. खरं किती, ते विचारलंच नाही.

परवाच्या रविवारी गाणं ऐन भरात असताना नेटवर्क गेलं. ती पडद्यावर तशीच थिजली, मान किंचित मागे, तोंड उघडं. आवाज तर कधीच तुटला होता. म्हातारीला काय कळणार? ती डोलत राहिली.

बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाली, "आज सूर लांब लावल्यान."

माझा हात भरून आला होता. मी फोन तसाच धरून राहिलो.