हळदीच्या गाण्यांची वही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर अंबाडीची भाजी निवडली. पार्वती, माझी बायको, म्हणाली, "पानं निवडायलाव का काड्या?" मग जरा आडवी झाली... उठलीच नाही. संध्याकाळी माती देऊन आलो.

लोक म्हणतात, तुम्ही गाणीवाले, तिच्याविषयी लिहा. तर त्या गाण्यांचंच लिहितो. निजामाचं राज होतं. लग्नाच्या हळदीला गडीमाणसांना बाहेर काढून बाया चावट गाणी म्हणायच्या. अंथरुणातलंसुद्धा त्यात काही सुटत नसे. पार्वती ती स्वतः रचायची. भावाकडून अक्षरं शिकलेली. गंगाखेडला दिलेल्या बहिणीसाठी तिनं एक वही भरली अन् बांगड्या विकणाऱ्या कासाराजवळ दिली. पिंगळी स्टेशनावर पोलिसांनी त्याची पेटी उघडली. सरकारविरुद्धचे कागद शोधत होते, सापडली ही वही. कासारानं भिऊन आमचं घर सांगितलं.

अमीनसाहेब म्हणजे निजामाचा फौजदार, त्याला मराठी वाचता येईना. चावडीवर मला बोलावून विचारलं, "किसने लिखा?" बायकोला इथं उभं करतील या भीतीनं मी म्हणालो, "मी." "तो पढ." साऱ्या गावच्या गड्यांपुढं अडखळत वाचलं. लोक पोट धरून हसले, अमीनही हसला. मग घाणेरडं लिखाण म्हणून वही तिथंच जाळली. मला परभणीच्या तुरुंगात तीन महिने.

सुटून आलो तेव्हा वाटलं, ही रडेल, पाया पडेल. तिनं भाकर वाढली अन् म्हणाली, "माझ्यापायी गेलाव, खरं हाय. पण बायांचं गाणं गड्यांच्या तोंडात गेलं. मलाच उभं करायचं व्हतं. मी वही खाल्ली असती, वाचली नसती."

त्यानंतर कुणाच्या हळदीत तिनं तोंड उघडलं नाही. मी मात्र गाणीवाला झालो. खोटं कशाला सांगू, मला ते नाव आवडायचं. तिच्यादेखत कुणी म्हणालं तरी मी गप्प... जन्मभर गप्प.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाया भाकरी घेऊन आल्या. मी म्हणालो, "ती गाणी हिची होती. मी खोटं बोललो."

म्हातारी गंगूबाई म्हणाली, "आमाला काय नवं सांगायलाव? तिचीच हायत. आमी अजून म्हणतोत की."

मी कागद-पेन्सिल घेतली. म्हणालो, "मला आठवत न्हाईत. सांगा, लिहून घेतो."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"गड्यानं ऐकायचं नसतं ते, भाऊ," गंगूबाई म्हणाली.

मी उठलो अन् बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.