शुक्रवारचा अर्धा दिवस

येरवड्याच्या कंपनीत प्रोजेक्टचं वेळापत्रक मी सांभाळायचे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाची एक पट्टी, आणि एका पट्टीतून दुसरीकडे जाणारा बाण. कोडिंग संपल्याशिवाय टेस्टिंग सुरू होणार नाही, एवढंच तो बाण सांगायचा. आधीचं काम लांबलं की पुढचं आपोआप सरकायचं. निदान सॉफ्टवेअरला तरी अक्कल होती.

वडील सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. त्यांना एकदा कागदावर हे काढून दाखवलं, तर म्हणाले, "बरंय तुमचं. आमच्याकडे आधी रस्ता होतो, मग पाइप आठवतो." त्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. चारला त्यांच्या ऑफिसात निरोप समारंभ होता. मी महिनाभर आधीच अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

कोडिंग मंगळवारी संपायचं होतं, ते गुरुवारी संध्याकाळी संपलं. बाणाने टेस्टिंगचे तीन दिवस पुढे ढकलले आणि डिलिव्हरी शुक्रवारवरून मंगळवारवर गेली. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"तो बाण काढ. क्लायंटला तारीख हललेली दिसता कामा नये."

तीन दिवसांचं टेस्टिंग एका शुक्रवारात कसं बसणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, बसतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाण काढला मीच. एक क्लिक. चार्ट पुन्हा हिरवागार, आणि शुक्रवारी सगळ्यांनी थांबायचं म्हणून माझी रजा रद्द.

शुक्रवारी तीनला वडिलांना फोन केला, निघतेच आहे म्हणून. साडेचारला पुन्हा तेच. निघता येणार नाही हे मला दोन्ही वेळा माहीत होतं.

घरी पोचले तेव्हा शाल आणि नारळ टेबलावर होते. आईने सांगितलं, मुलगी आल्याशिवाय सुरू करायचं नाही म्हणून वडिलांनी सगळ्यांना साडेपाचपर्यंत थांबवलं. मग माणसं घड्याळं बघायला लागली, आणि सगळं दहा मिनिटांत उरकलं. वडिलांनी आठवडाभर खपून लिहिलेलं भाषण राहूनच गेलं.

त्या मॅनेजरचा राग अजून येतो. क्लायंटने ती डिलिव्हरी पुढच्या बुधवारपर्यंत उघडलीसुद्धा नव्हती, हे कळल्यावर तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पण निघतेच आहे, ही खोटी तारीख वडिलांना मी दिली होती, त्याने नाही.

मी भाषण वाचायला मागितलं. वडिलांनी सदऱ्याच्या खिशातला कागद चाचपला, पण बाहेर काढला नाही.

"राहू दे," म्हणाले. "तुझं काम झालं ना वेळेत?"